५ई३ ट्वीड डीलक्सचं किट: वायरिंग सोपं, खरी परीक्षा पेटीची

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी फेंडर कंपनीने १९५५च्या सुमारास 'डीलक्स' या छोट्या गिटार ॲम्पची नवी आवृत्ती काढली. तिचा सर्किट क्रमांक ५ई३. ती १९६०पर्यंत बनत राहिली. बारा इंची एकच स्पीकर, साधारण १२ वॅट, दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि वरून सुटकेसवर असतं तसं तिरक्या रेघांचं सुती कापड, म्हणजे ट्वीड, एवढाच तिचा पसारा. मूळ नग आज हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. म्हणून अमेरिका-युरोपातले अनेक विक्रेते याच सर्किटचं किट, म्हणजे स्वतः जोडायचे सुटे भाग, विकतात. सर्किट सगळ्यांचं एकच असतं, फरक असतो तो ट्रान्सफॉर्मर, बोर्ड आणि लाकूड या तीन गोष्टींत. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. भारतात बसून हे किट मागवणाऱ्याने त्यातलं काय घ्यावं, काय काढून टाकावं आणि काय इथेच बनवून घ्यावं, याचा हा हिशेब आहे.

निर्णय आधीच सांगतो. चॅसिस म्हणजे सगळं बसवायचा धातूचा सांगाडा, ट्रान्सफॉर्मर, छोटे भाग जोडायचा बोर्ड आणि सुटे भाग एवढंच किट मागवा. तयार कॅबिनेट मागवू नका. ते हलकं असलं तरी खोका मोठा होतो आणि माल पाठवताना आकारमानाचे पैसे लागतात. शिवाय इथल्या हवेत मुरलेल्या लाकडाची पेटी इथल्या पावसाळ्यात जास्त शहाण्यासारखी वागते. स्पीकरही जमल्यास वेगळाच घ्यावा.

आधी सर्किट बघू, कारण किटची प्रत त्यावरूनच जोखता येते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची निर्वात नळी: तिच्या ग्रिडवर सिग्नल येतो, कॅथोडकडून प्लेटकडे करंट वाहतो आणि प्लेटवर सिग्नल मोठा होऊन मिळतो. पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७. त्याची एक बाजू 'इन्स्ट्रुमेंट' चॅनेलसाठी, दुसरी 'माइक'साठी. दोन्ही कॅथोड मिळून एकच ८२० ओहमचा रेझिस्टर आणि २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्लेटला १०० किलोओहम, तिथून ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ मेगओहमच्या व्हॉल्यूमकडे. दुसरा व्हॉल्व्ह १२एएक्स७. त्याचा अर्धा भाग आवाज वाढवतो आणि उरलेला अर्धा ५६ किलोओहमच्या दोन सारख्या रेझिस्टरांमध्ये बसून सिग्नलच्या दोन उलट्या बाजू तयार करतो. पुढे स्पीकरला जोर देणारी ६व्ही६ची जोडी, दोघांच्या कॅथोडला मिळून २५० ओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. आउटपुटकडून मागे येणारा फीडबॅक नाहीच. एवढ्या कमी भागांत चूक लपायला जागा नसते, ही नवशिक्यासाठी चांगलीच बाजू. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या, दोन टोकांची अदलाबदल झाली तरीसुद्धा इथे काही बिघडत नाही. फीडबॅक असलेल्या ॲम्पमध्ये त्याच चुकीने कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.

काही किटमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ऐवजी सरसकट १२एएक्स७ देतात, कारण तो स्वस्त आणि सहज मिळणारा. दोघांच्या पिना सारख्याच, पण १२एवाय७ची वर्धनक्षमता ४४ आणि १२एएक्स७ची १००. त्यामुळे ॲम्पचा आवाज फार लवकर फाटू लागतो आणि लोक म्हणतात की ५ई३ला स्वच्छ आवाजच नाही. ऑर्डर देतानाच १२एवाय७ मागा.

आता पॉवर ट्रान्सफॉर्मर. सगळं किट यावर तरतं किंवा बुडतं. अमेरिकी किटमध्ये न सांगता १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर येतो. बाहेरून स्टेप-डाउन लावून तो चालवण्याच्या भानगडीत पडू नका. फक्त ६० हर्ट्झसाठी बेतलेला गाभा आपल्या ५० हर्ट्झवर लवकर संपृक्त होतो, तापतो आणि गुरगुरतो. ५०/६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेला आणि प्रायमरीला, इथे मेनकडच्या गुंडाळीला, २४० व्होल्टचा टॅप, म्हणजे जोडणीचं टोक, असलेलाच ट्रान्सफॉर्मर घ्या. २२० आणि २४० दोन्ही टॅप असतील तर २४० वापरा. कारण साधं गणित आहे. आपल्याकडे रात्री उशिरा सॉकेटला २४५ व्होल्ट दिसणं नवीन नाही. २२०च्या टॅपवर तेव्हा व्हॉल्व्ह आतून तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टांवर जातो, आणि व्हॉल्व्हची सहनमर्यादा वर-खाली १० टक्के, म्हणजे ६.९ व्होल्ट. २४०च्या टॅपवर दिवसा २३० आले तर हीटरला ६ व्होल्ट मिळतात. त्याने काहीच बिघडत नाही.

आलेला ट्रान्सफॉर्मर बसवण्याआधी बाकावरच तपासा. सगळी टोकं सुटी, टेप लावलेली, सिरीज लॅम्पमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, वीज. हाय व्होल्टेजच्या दोन्ही टोकांना मधल्या टॅपपासून साधारण ३२५-३३० व्होल्ट एसी मिळायला हवेत आणि दोन बाजूंत दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त फरक नसावा. वायरचे रंग किटच्या कागदाशी जुळतीलच असं नाही. मीटर जे सांगेल ते खरं.

बोर्डाबद्दल मत ठाम आहे. 'अगदी मूळ बरहुकूम' म्हणून विकला जाणारा काळा मेणवलेला फायबर बोर्ड आपल्याकडे घेऊ नये. तो कागदी तंतूंचा असतो, ओल धरतो, आणि ओलावला की स्वतःच वीज वाहू लागतो. मीटरचं एक टोक चॅसिसला आणि दुसरं बोर्डाच्या रिकाम्या जागेवर टेकवलं की अशा बोर्डावर चक्क काही व्होल्ट दिसतात. मग ॲम्प कुरकुरतो, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते आणि माणूस पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर, बदलत बसतो. अलिबाग-रत्नागिरीकडे किंवा मुंबईत जुलै महिन्यात हे होणारच. त्याऐवजी ग्लास-इपॉक्सीचा जी१० बोर्ड आणि त्यावर पितळी टरेट, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्या, घ्या. दिसायला वेगळा, पण चाळीस वर्षं टिकेल.

तोच न्याय रेझिस्टरांना. कार्बन कॉम्पोझिशनचे तपकिरी गोलटे रेझिस्टर फोटोत छान दिसतात, पण दमट हवेत त्यांची किंमत सरकते आणि प्लेटच्या जागी बसवले तर सूं आवाज करतात. १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरांच्या जागी मेटल फिल्म किंवा कार्बन फिल्म लावा. उरलेल्या ठिकाणी हौस असेल तर कार्बन कॉम्पोझिशन ठेवा, फक्त प्रत्येक नग सोल्डरचा डाग देण्याआधी मोजा. एका टप्प्यातून दुसऱ्याकडे सिग्नल नेणारे कपलिंग कपॅसिटर ६०० व्होल्टचे असतात ते ठीकच. डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर मूळ सर्किटात १६ मायक्रोफॅरडचे तीन. अमेरिकेत रेक्टिफायरनंतरची लहर १२० हर्ट्झची, आपल्याकडे १०० हर्ट्झची. म्हणजे तेवढ्याच कपॅसिटरवर इथे हमिंग थोडं जास्त राहणार. म्हणून २२ मायक्रोफॅरड घ्यावेत. त्याहून फार वर, पहिल्याच जागी ४७ वगैरे, जाऊ नये. ५वाय३ला सुरुवातीचा धक्का सोसत नाही. आणि व्होल्टेज ५००चंच घ्या, ४५०चं नाही. का, ते पुढे येतं.

किटच्या कागदात अजूनही कधीकधी 'ग्राउंड स्विच' आणि मेनच्या तारेपासून चॅसिसपर्यंतचा ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दाखवलेला असतो. दोन पिनांच्या प्लगच्या काळातली ती सोय. तो कपॅसिटर शॉर्ट झाला की चॅसिसवर, म्हणजे गिटारच्या तारांवर, थेट फेज येते. दोन्ही काढून टाका. तीन पिनांची वायर लावा, हिरवी तार चॅसिसला वेगळ्या बोल्टने, दातेरी वॉशर घालून कसा. तो बोल्ट दुसऱ्या कशासाठी वापरू नका. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. फ्यूज १ अँपिअर स्लो-ब्लो. सगळा ॲम्प ६० वॅटच्या आसपास खातो. घरच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का तेही याच निमित्ताने मीटरने बघा. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण २३०च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक कागदांत तो चुकीचा दिलेला असतो. आधी सॉकेट, जॅक, पॉट, स्विच. मग ट्रान्सफॉर्मर. मग हीटरच्या तारा, दोन्ही घट्ट पिळून, चॅसिसच्या कडेला चिकटवून. ६व्ही६ला पिना २ आणि ७, छोट्या व्हॉल्व्हना ४ आणि ५ एकत्र करून एक टोक आणि ९ हे दुसरं. मूळ ॲम्पमध्ये हीटरची एक बाजू सरळ चॅसिसला जोडलेली असे. आज ते करू नये. १०० ओहमचे दोन रेझिस्टर घेऊन त्यांचा मधला बिंदू ६व्ही६च्या कॅथोडला, म्हणजे पिन ८ला जोडा. तिथे २० व्होल्टच्या आसपास असतात. हीटर तेवढा वर उचलला गेला की हमिंग कानाला कळण्याइतकं कमी होतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हीटरला स्वतःचा मधला टॅप असेल तर हे दोन रेझिस्टर लावू नका, तो टॅपच पिन ८ला न्या. दोन्ही एकदम नकोत.

बोर्डाखालून जाणाऱ्या जोडतारा वरचे भाग बसवण्याआधी लावायच्या. नवशिक्याच्या हातून सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट हीच, आणि बोर्ड पक्का झाल्यावर ती दिसतही नाही. मोठ्या सॉकेटच्या पिना खालून बघताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. वरून बघून मोजल्या की प्लेटचे ३५० व्होल्ट भलत्याच पिनेला पोचतात. बोर्डाला २५-४० वॅटचं आयर्न पुरतं, पण पॉटच्या पाठीवर किंवा चॅसिसवर डाग द्यायचा तर ८० वॅट लागतात. कमी वॅटचं आयर्न पाच मिनिटं दाबून ठेवलं तर पॉटच्या आतला मार्ग करपतो, आणि वर कथील नुसतं राखाडी ढेकळासारखं बसतं. चांगला डाग चकचकीत असतो, तारेभोवती पाण्यासारखा पसरलेला.

चॅसिसला जोडायच्या जागा दोनच ठेवा. पहिला फिल्टर कपॅसिटर, हाय व्होल्टेजचा मधला टॅप आणि ६व्ही६चा कॅथोड रेझिस्टर हे ट्रान्सफॉर्मरजवळच्या बोल्टला. बाकी सगळं, म्हणजे व्हॉल्यूम, छोट्या व्हॉल्व्हचे कॅथोड, उरलेले फिल्टर, हे इनपुट जॅकच्या बाजूला. एवढं पाळलं तर बिनगिटारचा ॲम्प व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवूनही शांत बसतो.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड हवाच. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर प्रायमरी आणि हीटर ठीक. बल्ब पूर्ण उजळला तर शॉर्ट आहे, लगेच बंद. मग फक्त ५वाय३ लावा. इथे मघाचं ५०० व्होल्टचं कारण येतं. ६व्ही६ नसताना वीज ओढणारं कोणीच नसतं, त्यामुळे फिल्टर कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतात. ३२५ गुणिले १.४१४ म्हणजे ४६० व्होल्ट. ४५० व्होल्टचा कपॅसिटर इथेच फुगतो आणि लोक समजतात की माल खराब होता. म्हणून ही पायरी सिरीज लॅम्पवरच आणि थोडक्यात उरका. नंतर सगळे व्हॉल्व्ह लावा, स्पीकर जोडल्याशिवाय मात्र कधीही नाही. आता बल्ब मंद पेटलेला राहील, ते बरोबर आहे. काही मिनिटं धूर-वास नाही असं बघून बल्ब काढून थेट वीज द्या.

बंद केल्यावर लगेच आत हात घालू नका. क्लिप असलेली तार घ्या, एक टोक आधी चॅसिसला, मग दुसरं पहिल्या व्हॉल्व्हच्या पिन १ला. १०० किलोओहममधून सगळे फिल्टर रिकामे होतात, पाऊण मिनिट लागतं. मग मीटरने तपासा, ५ व्होल्टांच्या खाली आलं की काम सुरू. एक हात पाठीमागे ठेवायची सवय इथे लावून घ्या.

मग मोजमाप. पहिल्या फिल्टरवर ३५० ते ३७० डीसी चांगलं. ३९०च्या पुढे गेलं तर बहुधा रेक्टिफायरच वेगळा वागतो आहे, कारण ५वाय३ असा छाप असलेले आजचे काही व्हॉल्व्ह जुन्यांपेक्षा कमी व्होल्टेज पाडतात. दुसरा मेक लावून बघावा. ६व्ही६च्या कॅथोडवर समजा २० व्होल्ट आले. २० भागिले २५० म्हणजे ८० मिलिअँपिअर, दोघांचे मिळून. प्रत्येकी ४०, त्यातून स्क्रीनचे, म्हणजे ६व्ही६च्या दुसऱ्या ग्रिडचे, दोन-तीन वजा केले की ३७ राहिले. प्लेट आणि कॅथोडमधलं अंतर ३४० व्होल्ट धरलं तर साडेबारा वॅट. ६व्ही६जीटीची मर्यादा जुन्या पद्धतीने १२, नव्या पद्धतीने १४. म्हणजे किंचित गरम, पण या ॲम्पचा स्वभावच तो आहे. हिशेब १४च्या वर गेला तर २५०च्या जागी २७० किंवा ३०० ओहम टाका. अंधारात प्लेटवर लालसर डाग दिसला तर हिशेब करत बसू नका, बंद करा.

फेज उलटवणारा भाग तपासायची एक सुंदर सोपी खूण आहे. ५६ किलोओहमच्या दोन्ही रेझिस्टरांतून एकच करंट जातो, म्हणून दोन्हींच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज सारखंच यायला हवं. फरक मोठा असेल तर एक रेझिस्टर चुकीचा, नाहीतर पुढचा ०.१चा कपॅसिटर गळतो आहे. सगळे नॉब पूर्ण फिरवल्यावर शिट्टी येत असेल तर बांबूच्या कोरड्या काडीने एकेक तार हलवून बघा. बहुतेक वेळा व्हॉल्यूमकडून दुसऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारी लांब तार आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या निळ्या-तपकिरी तारांना समांतर पळत असते. ती चॅसिसला चिकटवून न्या आणि त्यांना कुठे ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

एवढं सगळं दोन शनिवार-रविवारचं काम आहे. पेटीला त्याच्या दुप्पट वेळ द्या.

मराठीत हार्मोनियमलाही पेटीच म्हणतात, आणि या ॲम्पच्या बाबतीत तो शब्द अगदी चपखल बसतो. मागून उघडी, पातळ फळ्यांची ही पेटी स्पीकरबरोबर स्वतः वाजते. व्हॉल्यूम ५वर ठेवून वरच्या फळीवर तळहात टेकवा, मंद्र स्वरांना ती अंगभर थरथरते. म्हणूनच एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेली फळी, नको. मापं अशी: रुंदी २० इंच, उंची पावणेसतरा, खोली साडेनऊ, फळी पाऊण इंच म्हणजे सहा सूत. चार फळ्यांचं हे कवच पाइनमध्ये साधारण ४ किलो भरतं, एमडीएफमध्ये साडेसहा, आणि ते वजन स्पीकरची ऊर्जा गिळून बसतं. सागवान टिकाऊ खरं, पण तेही पाइनपेक्षा जड. त्याचा मोह इथे टाळावा.

पाइन दोन प्रकारे मिळतं. एक आयात केलेल्या पॅकिंगच्या खोक्यांचं. स्वस्त, वाळलेलं, पण फळ्या तीन-चार इंची आणि खिळ्यांच्या भोकांच्या. कडेला कड चिकटवून साडेनऊ इंची रुंद फळी तयार करावी लागते. दुसरं लाकडाच्या वखारीत मिळणारी न्यूझीलंड पाइनची सलग फळी. सव्वासहा फुटांपेक्षा थोडं कमी लागतं, कापणी आणि गाठी टाळणं धरून सात-आठ फूट घ्या. सांध्याच्या दोन इंचांच्या आत गाठ नको. तिथे सांध्याचं बोट, म्हणजे कापलेला दाता, तुटतं. लाकडाची रेषा पेटीभोवती गोल फिरली पाहिजे, म्हणजे चारही फळ्यांत लांबीच्या दिशेने. मग पावसाळ्यात फुगल्या तरी चौघी मिळून फुगतात आणि सांधा उघडत नाही. लाकूड कापायचं ते फेब्रुवारी ते मेमध्ये. ऑगस्टमध्ये बनवलेली पेटी जानेवारीत आकसते आणि कापडाला कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात.

सांधा बोटांचा, म्हणजे दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवलेला. अर्ध्या इंचाची बोटं धरली तर साडेनऊ इंचांत १९ घरं होतात, विषम संख्या, म्हणजे आडव्या फळीला १० बोटं आणि उभीला ९, दोन्ही कडा सारख्या दिसतात. टेबल-सॉवर किंवा राउटरवर जिग करून आधी भंगार तुकड्यांवर कापून बघा. सुका सांधा हाताच्या दाबाने अर्धा बसावा आणि उरलेला लाकडी मोगरीच्या दोन-तीन ठोक्यांनी. त्याहून घट्ट असेल तर फेव्हिकॉल लावल्यावर लाकूड फुगतं आणि सांधा मध्येच अडकतो. मग मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही. फार सैल असेल तर भुसा-फेव्हिकॉलने भरलेली फट कापडाखालूनही बोटाला लागते. बोटं फळीच्या जाडीपेक्षा अर्धा सूत लांब ठेवा, म्हणजे चिकटल्यावर बाहेर आलेली टोकं रंध्याने सपाट करता येतात. रंधा बाहेरून आत ओढायचा, आतून बाहेर मारला की कडेचा ढलपा निघतो. क्लॅम्प कसताना गुण्यापेक्षा कर्णावर भरवसा ठेवा. दोन्ही कर्ण एक सुताच्या आत सारखे असले की पेटी काटकोनात आहे.

स्पीकरची पाटी तीन सुताची, चांगल्या प्लायची. ती वर-खाली दोन पट्ट्यांनाच स्क्रूने धरायची, डावी-उजवीकडे किंचित फट ठेवून मोकळी सोडायची. मूळ ॲम्पमध्ये तसंच आहे आणि आवाजाचा मोठा भाग त्यातच आहे. सुतार चारही बाजूंनी चिकटवून 'मजबूत' करायला बघतो, त्याला आधीच सांगून ठेवा. भोक पावणेअकरा ते अकरा इंच, पण स्पीकर हातात आल्यावर त्याची चौकट मोजूनच कापा. बाहेरच्या कडा राउटरने गोल करा. धारदार कडेवर सुती कापड वर्षभरात झिजतं.

ट्वीड कापड दोन मीटर पुरतं. ते मागून सरस किंवा पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा. सरसाचा फायदा असा की रेघ वाकडी झाली तर गरम इस्त्री फिरवून कापड सरकवता येतं. कोकणात मात्र सरस ओल धरतो, तिथे फेव्हिकॉलच बरा. कापायच्या रेषेवर आधी लाखेचा एक हात मारून वाळू द्या, नाहीतर कडेचे धागे सुटत राहतात. कापड पाण्याने आकसतं, म्हणून कडेला बोटभर जास्त ठेवून पूर्ण वाळल्यावरच अंतिम कापणी.

रंगासाठी अमेरिकेतले हौशी अंबर रंगाच्या शेलॅकचे डबे घेतात. ती लाख आपल्याकडच्या जंगलातली, आणि आपला पॉलिशवाला तिला चपडा म्हणतो. लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला. पहिला हात कापड नुसता पितं, काही दिसत नाही. दुसऱ्यानंतर रेघा मधाळ होऊ लागतात, चौथ्याला जुन्या ॲम्पचा पिवळा येतो. मध्ये अर्धा तास वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपरने उभे राहिलेले तंतू अलगद मारा. पावसाळी दिवशी करू नका, हवेतली ओल धरून लाखेवर पांढरट धुकं येतं. आलंच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला की ते बहुधा जातं.

वरच्या मागच्या पाटीला आतून ॲल्युमिनियम फॉइलचा टेप लावा आणि तो चॅसिसला टेकेल असं बघा. चॅसिसची उघडी बाजू या पाटीकडे असते, आणि फॉइल नसेल तर ट्यूबलाइटची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची किरकिर थेट पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. स्टुडिओत चालणारा ॲम्प घरी बोंबलतो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

स्पीकरच्या बाबतीत मूळ जेन्सन पी१२आरची आजची आवृत्ती २५ वॅटची आहे आणि या ॲम्पला शोभते. नवीन असताना तिचा वरचा आवाज कोरडा आणि टोचरा लागतो. वीसेक तास वाजल्यावर कागद मोकळा होतो, तोवर मत बनवू नये. खालचे स्वर जास्त घट्ट हवे असतील तर ४० वॅटचा पी१२क्यू घ्या.

आवाजाची एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत हवी. हा ॲम्प स्वच्छ, घंटेसारखा वाजायचा तो १२ पैकी ३-४पर्यंतच. त्यापुढे तो जाडसर होत जातो आणि ८च्या पुढे लोण्यासारखा फाटतो. कॅनेडियन रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांच्या गिटारमागचा तो भरभरून फाटलेला आवाज ट्वीड डीलक्सचाच. झगझगीत, करकरीत स्वच्छ आवाज हवा असेल तर हे किट तुमच्यासाठी नाही. आणि १२ वॅट म्हणून फसू नका, सोसायटीतल्या बंद खोलीत व्हॉल्यूम ५ला शेजारी दार वाजवतील. हंबकर, म्हणजे दुहेरी कॉइलच्या, पिकअपवर खालचे स्वर भसाभसा पसरत असतील तर पहिल्या टप्प्यातले ०.१चे दोन कपॅसिटर काढून ०.०२२चे लावा. पाच मिनिटांचं काम आणि परत फिरता येण्यासारखं.

दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले आहेत, तो दोष समजून 'दुरुस्त' करू नका. गिटार इन्स्ट्रुमेंट चॅनेलला लावून माइकचा रिकामा व्हॉल्यूम हळूहळू फिरवा. आवाजाचा पोत बदलत जातो आणि शेवटी शेवटी पातळी खाली येते. एकाच टोनच्या नॉबवर हा ॲम्प एवढे रंग दाखवतो तो याच मार्गाने. दुसऱ्या क्रमांकाच्या इनपुटला गिटार लावली की सिग्नल निम्मा होतो, खोलीत सराव करायला तो बरा.

महिनाभर वाजवल्यावर स्पीकरचे चारही स्क्रू पुन्हा कसा. पाइन आणि प्लाय दोन्ही थोडे दबलेले असतात. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, बोटाच्या जोराच्या वर फक्त अर्धा आटा. त्याहून जास्त पिळलं तर स्पीकरची चौकट पिळवटते आणि कॉइल घासू लागते.